किल्ली ज्याच्या हातात, जाब त्याला

मंडळी, आज राहुरीत आपण एक साधा प्रश्न घेऊ. सरकारच्याच माणसानं, सरकारच्याच कोठडीत अन्याय केला, तर पुरावा कुणी द्यायचा?

१९७२ साल. देसाईगंजचं पोलीस ठाणं, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं. मथुरा या आदिवासी मुलीच्या घरच्यांना बाहेर काढलं आणि ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला, असा दोन पोलिसांवर आरोप होता. उच्च न्यायालयानं त्यांना दोषी धरलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सोडलं. का? तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती!

आता बघा, ठाण्याचं दार, दिवा, डायरी, सगळं पोलिसांच्या हातात. आणि पुरावा मागितला मुलीकडे.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मग देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. निकाल बदलला नाही, पण १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि स्त्रीनं न्यायालयात ‘संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालय तेच गृहीत धरतं. उलट सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर.

पुढे १९९६ च्या डी. के. बसू निकालानं अटकेचा मेमो सक्तीचा केला. त्यावर तारीख, वेळ आणि साक्षीदाराची सही हवी.

म्हणून उद्या आपल्या गल्लीतून कुणाला नेलं, तर आधी विचारा: किती वाजता नेलं? मेमो कुठंय? सही कुणाची? विचारणारा असला, तरच कायदा कागदावरून खाली उतरतो.