फोन आहे, मग शाळा कशाला?



पावसाळ्यात मुंबई तुंबली की टीव्हीवर हिंदमाताचा चौक हमखास दाखवतात. त्याच्या आजूबाजूचे परळ-लालबाग म्हणजे जुने गिरणगाव. दिवसभर राबणाऱ्यांना शाळा कशी जमणार? म्हणून मुंबईत रात्रशाळा निघाल्या. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी पुण्यात १८५५ सालीच शेतकरी-कामकऱ्यांसाठी अशी शाळा काढली होती. शिकणाऱ्यांसाठी शाळेने आपली वेळ बदलली.

पुढे १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झाले. पुस्तके घरी वाचायची, अडले तर अभ्यासकेंद्रात जायचे. घर-शेती सांभाळून बायका पदवीधर झाल्या. विद्यापीठच दाराशी आले.

आता शाळा फोनमध्येही आली आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत क्यूआर कोड आणले. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर फोन धरला की धडा ऐकता-पाहता येतो. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

मग कुणी म्हणते, "सगळे फोनवर मिळते, पोरीला शाळेत कशाला धाडायचे?"

टाळेबंदीचे दिवस आठवा. धडे फोनवर होते, पण घरात फोन एकच. तो वडिलांबरोबर कामावर जायचा, नाहीतर भावाच्या हातात असायचा. ताईच्या वाट्याला चूल आणि धाकटी भावंडे. शाळा सुटली की मुलीचे लग्न लवकर उरकायचा विचार घरात सुरू होतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

फोन माहिती देतो, पण गणित कुठे अडले हे पोरीच्या चेहऱ्यावरून ओळखतात त्या बाईच. फोनवर खरे-खोटे एकाच रांगेत येते, ते निवडायला आणि "कशावरून?" असे विचारायला शिकवणे हे आता शाळेचे मोठे काम. शिवाय मुलीला घराबाहेर हक्काची जागा आणि सोबतिणी शाळेतच मिळतात.

म्हणून फोन शाळेच्या जोडीला घेऊ, शाळेच्या बदल्यात नको. घरात फोनची वेळ मुलगा-मुलगी दोघांना सारखी वाटू. गटाच्या पुढच्या बैठकीत एवढेच विचारू: गावातली कोणती मुलगी शाळेत जायची थांबली आहे? मग दोघी-तिघी मिळून तिच्या घरी जाऊ.