मुख्याध्यापकांचं कपाट

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात एक मुलगा दाखल झाला. रजिस्टर क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. ती शाळा म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल, आणि तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. ती ओळ लिहिणाऱ्याच्या मनात इतिहास वगैरे काही नसणार. तो आपला रजिस्टर भरत होता.

कुठल्याही शाळेच्या लोखंडी कपाटातलं हे जनरल रजिस्टर पाहा. नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा आणि जन्मतारीख. तारीख अंकी लिहायची आणि अक्षरीही, म्हणजे एका आकड्याला मागाहून शेपूट फुटलं तरी अक्षरं साक्षीला राहतात. शाळा सोडल्याचा दाखला याच ओळीवरून निघतो. पुढे पासपोर्ट, जात पडताळणी, निवृत्तीचं वय या सगळ्यांत हीच ओळ पुरावा म्हणून उभी राहते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरंही उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. शंभर वर्षांनी कोण काय शोधत येईल हे ठाऊक नसताना आज नीट लिहून ठेवायचं, हे कौशल्य बी.एड.ला कुठे शिकवतात? बहुतेकदा सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापकाची खुर्ची मिळते आणि कपाटाच्या किल्ल्या हाती येतात.

त्याच माणसाला सकाळी शाळेतल्या खिचडीच्या तांदळाचाही हिशेब लागतो. पहिली ते पाचवीला माणशी शंभर ग्रॅम, सहावी ते आठवीला दीडशे. खिचडी मुलांच्या ताटात पडण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसाने चाखायची आणि चव रजिस्टरमध्ये तशी नोंद करायची.

पण मला खरा अचंबा वाटतो तो वेळापत्रकाचा. सगळे शिक्षक सगळ्या तासांना मोकळे असतील, तर तासिका बसवणं गणिताच्या दृष्टीने सोपं आहे, पद्धत ठरलेली आहे. मात्र अमुक शिक्षक अमुक तासांनाच मिळतील एवढी एकच अट घाला, की सगळं बिनसतं. शिमॉन एव्हन, अलोन इताई आणि आदी शमीर यांनी १९७६ मध्ये सिद्ध केलं, की मग हा प्रश्न संगणकशास्त्रातल्या अत्यंत अवघड प्रश्नांच्या पंगतीत जाऊन बसतो. कितीही मोठ्या शाळेला हमखास पुरेल अशी झटपट रीत आजवर कुणालाही सापडलेली नाही. हेच शमीर पुढे ‘आरएसए’ या जगप्रसिद्ध संकेतलेखन पद्धतीच्या तीन जनकांपैकी एक झाले!

आणि आपल्याकडे जूनमध्ये पर्यवेक्षक आणि मुख्याध्यापक पेन्सिल-खोडरबर घेऊन तेच कोडं सोडवायला बसतात. मैदान एकच, प्रयोगशाळा एकच, गणिताचे सर दुपारच्या सत्रात नाहीत. कसंबसं जुळतं. सोमवारी कुणाची तरी रजा येते आणि बदली तासिकांचा कागद पुन्हा नव्याने लिहायला घ्यावा लागतो.