मांजराला एकवीस दिवसांची नोटीस



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा संप, बोनस किंवा नव्या कामगार संहिता यांविषयी चार शब्द ऐकायला मिळतील, अशी त्यांची अपेक्षा असणार. त्या विषयांवर आम्ही तीस वर्षे गिरण्या-कारखान्यांच्या दारांत उभे राहून बोलत आलो आहोत, आणि पुढेही बोलू. आज मात्र मोटारीतून लांबच्या प्रवासाला मांजर कसे न्यावे, हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला आहे. आपण हसलात, ते ठीकच आहे. आमचे शाळेचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही पदरी पडले ते वाचनालयाच्या बाकावर. पण या एका विषयाचे शिक्षण आम्ही एका जिवाची किंमत मोजून घेतले आहे, आणि म्हणून तो आपणांपुढे मांडण्याचा थोडासा अधिकार आम्हांला आहे असे वाटते.

२०१४ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. नागपूरला मेव्हण्याच्या घरी लग्न होते. आमच्या परळच्या खोलीत ठकी नावाची मांजरी होती. तिला मागे कुठे ठेवायचे, म्हणून आम्ही तिला सोबत घेतले. मोटार भाड्याची. निघताना ठकीला पोटभर दूधभात घातला, भाजीच्या करंडीत बसवले, वर फडके बांधले, आणि आपण फार शहाणपणाने वागलो असे समजून निघालो. कसाऱ्याच्या घाटात ती ओकली. मग जे ओरडणे सुरू झाले ते थांबेना. आमच्या मंडळींना ते पाहवेना. त्यांनी फडके सोडून तिला मांडीवर घेतले. सिन्नरच्या पुढे एका ढाब्यावर आम्ही चहासाठी थांबलो आणि दार उघडले. त्याच क्षणी मागून एका ट्रकने कर्णा वाजवला. ठकी मांडीवरून उडाली ती रस्ता ओलांडून पलीकडच्या उसात शिरली.

रात्र पडेपर्यंत आम्ही हाका मारीत बांधाबांधाने हिंडलो. शेवटी लग्नघरी पोचणे भाग होते. चार दिवसांनी परत येताना पुन्हा तिथेच थांबलो. ढाब्याचा मालक भला माणूस होता. त्याने रोज बशीत दूध ठेवले होते. ते कुत्री पिऊन जात. आमच्या मंडळींनी आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

त्यानंतर आमचे काय चुकले याचा शोध आम्ही घेऊ लागलो, आणि जसजसे वाचत गेलो तसतसे ध्यानात आले की जवळजवळ सगळेच चुकले होते.

मांजरी आपली पिले सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. मग प्रवासाचे तिला एवढे भय का? सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले, आणि तो शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. म्हणजे ते मांजर किंवा त्याचे पूर्वज कोणीतरी होडीतूनच आणले असले पाहिजेत. तेव्हा प्रवास या जातीला नवा नाही. पण सात घरे फिरवणारी मांजरी काय करते ते नीट पाहा. ती आधी एकटी जाते, माळा हुंगते, अडगळ पाहते, परत येते, आणि मगच पिलू तोंडात धरते. ती जागा बदलते, पण आधी पाहून बदलते. आपण तिला न दाखवता, न सांगता उचलतो. भांडणाचे मूळ इथे आहे.

मांजराचा पूर्वज हा एकट्याने शिकार करणारा रानमांजर. कुत्र्याच्या पूर्वजाला कळप होता, म्हणून कुत्र्याचे घर म्हणजे त्याची माणसे. मांजराचे घर म्हणजे मुख्यतः जागा, आणि ती जागा ते वासाने ओळखते. दाराच्या चौकटीला, टेबलाच्या पायाला, आपल्या पोटरीला ते गाल घासते, तेव्हा त्याच्या गालांवरील ग्रंथींचा वास तिथे लागतो. ही त्याची घरपट्टीची पावती समजा. मोटारीत अशी एकही पावती नसते. असतो तो पेट्रोलचा वास, खालून थरथर आणि चहूकडून आवाज. माणसाच्या कानाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज कळतो. मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही वरचा कळतो. ज्या गाडीला आपण ‘अगदी शांत’ म्हणतो तीत त्याच्या कानी किती करकर पडत असेल, याची कल्पना आपण करू शकत नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे कलम ९-अ घालण्यात आले. पगार, कामाचे तास, पाळी यांसारख्या गोष्टींत बदल करायचा तर मालकाने कामगाराला एकवीस दिवस आधी नोटीस द्यावी, असे त्याने ठरवून दिले. बदल मुळीच नको असे कोणी म्हणत नव्हते. तो अंगावर कोसळू नये, एवढेच मागणे होते. मांजराचे मागणे याहून वेगळे नाही, आणि योगायोग असा की त्यालाही साधारण तीन आठवडेच लागतात.

दुसऱ्या वेळी आम्ही तेच केले. २०२५ च्या डिसेंबरात संघटनेने आम्हांला दोन वर्षांसाठी नागपूरला धाडले. तोवर घरात एक बोका आला होता. स्वतः काही न करता इतरांच्या कामावर नजर ठेवून बसतो, म्हणून त्याचे नाव मुकादम. निघण्याच्या तीन आठवडे आधी आम्ही कडक प्लास्टिकची, जाळीच्या दाराची आणि वरूनही उघडणारी पेटी आणली. पेटी एवढी हवी की मांजराला उभे राहून वळता यावे. फार मोठी असली तर वळणावर ते आत आपटते. वरचे झाकण महत्त्वाचे, कारण घाबरलेल्या मांजराला समोरून ओढून काढण्यापेक्षा वरून उचलणे सोपे जाते. पहिला आठवडा ती पेटी दार काढून खोलीच्या कोपऱ्यात नुसती पडून होती. आत त्याची नेहमीची जुनी गोधडी. दुसऱ्या आठवड्यात जेवण तिच्यात. तिसऱ्या आठवड्यात तो आपण होऊन तिच्यात झोपू लागला. मग दार लावणे, पेटी उचलणे, बंद मोटारीत दहा मिनिटे बसणे, इंजिन सुरू करणे, वडाळ्यापर्यंत एक फेरी, अशा पायऱ्या. प्रत्येक पायरीनंतर खाऊ. गोधडी मात्र धुवायची नाही. तिचा वास हेच त्याचे फिरते घर.

याच काळात पशुवैद्याला दाखवावे. रेबीजची लस झालेली असावी आणि तिचा दाखला सोबत असावा. आपल्या देशात १९७८ साली प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम झाले. त्यांत कुत्र्या-मांजरांसाठी वेगळे प्रकरण आहे, आणि प्राणी प्रवासाला योग्य असल्याचा दाखला त्यांत मागितला आहे. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळखचिप बसवता येते. गळपट्टा निघून जातो, चिप राहते. ठकीला यातले काहीच नव्हते.

औषधांविषयी एक इशारा. माणसाची झोपेची गोळी मांजराला कधीही देऊ नये, आणि पॅरासिटामोल तर त्याला विषच आहे. प्रवासाच्या भीतीवर गॅबापेन्टिनसारखे औषध पशुवैद्य देतात. त्याच वर्गातील प्रीगॅबालिनला अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२३ साली खास याच कामासाठी मान्यता दिली. पण मात्रा वैद्याने वजन पाहून ठरवायची, आणि पहिला डोस घरीच देऊन पाहायचा. चालत्या गाडीत प्रयोग नको.

प्रवासाच्या दिवशी सकाळी जेवण नाही. मोटार लागते ती अंतर्कर्णामुळे, जशी आपल्याला लागते तशीच. म्हणून निघण्यापूर्वी चार ते सहा तास पोट रिकामे ठेवावे. पाणी बंद करू नये. आमचा दूधभात म्हणजे घाटासाठी दिलेले आमंत्रणच होते. पेटी मागच्या बाजूस, पुढच्या बाकाच्या पाठीमागे खाली, न हलेल अशी घट्ट ठेवावी. पुढच्या बाकावर ठेवू नये, कारण अपघातात फुगणारी हवेची पिशवी पेटीचा चुराडा करू शकते. आणि मांजर कितीही रडले तरी चालत्या गाडीत पेटी उघडू नये. सुटलेले मांजर अंधारी, अरुंद जागा शोधते, आणि चालकाच्या पायांखाली, ब्रेकच्या मागे, तशी जागा त्याला आयती मिळते. मग प्रश्न मांजराचा उरत नाही. गाडीतल्या सगळ्यांचा होतो.

पहाटे पाच वाजता निघालो. भिवंडीजवळच्या आमणे येथून समृद्धी महामार्ग धरला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. इगतपुरीच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात आवाज एकदम घुमला तेव्हा मुकादम ओरडू लागला. पेटीवर पातळ फडके टाकले, आणि बोगदा संपल्यावर तो गप्प झाला. पुढे रस्ता सरळ. वळणे नाहीत, म्हणून ओकणेही नाही. या रस्त्याची अडचण निराळी. थांबण्याच्या जागा लांब लांब आहेत आणि वाटेल तिथे गाडी उभी करता येत नाही, म्हणून पाणी, जुनी फडकी आणि कचऱ्याची पिशवी हाताशी हवी. थांबलो की आधी सर्व काचा वर, सर्व दारे बंद, मग पाणी आणि वाळूचे तबक पुढे करायचे. मुकादमाने दोन्हींकडे पाठ फिरवली. याने घाबरू नये. दिवसभर लघवी रोखून धरणारी मांजरे पुष्कळ असतात. मात्र पोचल्यावरही चोवीस तास उलटले आणि झाली नाही, विशेषतः बोक्याला, तर तडक वैद्याकडे न्यावे. बोक्याची मूत्रनलिका अडली तर ते जिवावर बेतते.

सर्वांत मोठा शत्रू मात्र ऊन. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या केलेल्या मोटारींचे तापमान मोजले. तासाभरात आतली उष्णता सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढली, त्यातली चार पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली, आणि काचा किंचित उघड्या ठेवून फारसा फरक पडला नाही. मांजराला घाम येतो तो केवळ तळव्यांना. ते तोंड उघडून धापा टाकू लागले की समजावे, वेळ थोडा आहे. ‘पाच मिनिटांत जेवून येतो’ म्हणून त्याला बंद गाडीत ठेवणे हा अपराध आहे. मग ती गाडी विदर्भातल्या मे महिन्यातली असो की डिसेंबरातली. आम्ही पाळीपाळीने जेवलो.

आणि गाडीत आणखी एक जीव असतो, ज्याला पेटी नसते. तो म्हणजे चालक. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती, आणि सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. भाड्याच्या गाडीच्या चालकाला ती देताना लोक घड्याळ पाहतात. आमचा चालक म्हणाला, “दादा, मांजरासाठी तुम्ही दर दोन-अडीच तासांनी थांबवता, त्यात माझी पाठ सुटते बघा.” आम्हांला आनंद झाला, आणि थोडी लाजही वाटली. त्याच्यासाठी थांबण्याचे आम्हांला आधी सुचायला हवे होते.

नागपूरला पोचल्यावर त्याला सगळे घर एकदम दाखवले नाही. एक खोली, तीत पेटी, गोधडी, तबक आणि पाणी. दोन दिवस तो पेटीतच होता. रात्री थोडे खाई. एखादे मांजर दोन दिवस अन्नाला शिवलेच नाही तर तेही वैद्याचे काम आहे, कारण उपासाने त्याचे यकृत बिघडते. तिसऱ्या दिवशी तो बाहेर आला आणि आमच्या टेबलाच्या पायाला त्याने गाल घासला. नव्या घराची पहिली पावती फाटली! तरी दारे तीन आठवडे बंदच ठेवली, कारण मांजराला जुन्या घराची ओढ असते. फ्रान्सिस हेरिक या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९२२ साली लिहून ठेवले आहे की पिलांपासून काही मैल दूर नेऊन सोडलेली मांजरी पुन्हा पिलांकडे परतली. पण नागपूरहून परळला कोण पोचणार?

भक्तिमार्गात दोन न्याय सांगतात. माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते, तो मर्कटन्याय; मांजरीचे पिलू अंग सैल सोडते आणि आई त्याला उचलून नेते, तो मार्जारन्याय. दुसऱ्या न्यायात सारा भार नेणाऱ्यावर असतो. पेटीतले मांजर आपल्यावर असाच भार टाकते, मात्र राजीखुशीने नव्हे, नाइलाजाने. म्हणून आमचे शेवटचे सांगणे असे की नेणे टळत असेल तर नेऊच नये. चार दिवसांच्या लग्नासाठी मांजराला आठशे किलोमीटर हिंडवू नये. किल्ली शेजारी द्यावी, रोज दोनदा अन्नपाणी घालायला सांगावे. आपल्या जागेत ते चार दिवस आनंदाने राहते. घरच बदलायचे असेल तर मात्र न्यावे, आणि एकवीस दिवस आधी सांगून न्यावे.

२०१४ साली आमच्या खोलीला लागून राहणाऱ्या काकू घरीच होत्या. ठकी त्यांच्या ओट्यावर रोज बसे. किल्ली त्यांच्या हाती देणे आम्हांला सुचले नाही.