देगलूरच्या नाकासमोर लेह

संक्रांतीच्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास देगलूरच्या कुठल्याही अंगणात एक काठी सरळ उभी करा. तिची सावली जिकडे पडेल तिकडे, डावी-उजवीकडे न वळता जात राहिलं, तर सुमारे 1730 किलोमीटरवर लेह लागतं. दोन्ही गावं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, 77 अंश 35 मिनिटांच्या आसपास. नकाशावर पट्टी ठेवून हे पाहिलं तेव्हा माझा विश्वासच बसेना.

म्हणजे दोन्हीकडे सूर्य माथ्याच्या रेषेवर एकाच क्षणी येतो. तरीही जूनमध्ये लेहचा दिवस आपल्यापेक्षा तासाहून अधिक मोठा असतो. आपल्याकडे मेच्या मध्यात आणि जुलैअखेर भर दुपारी पायाखालची सावली नाहीशी होते. कर्कवृत्ताच्या पुष्कळ उत्तरेला असलेल्या लेहला हे कधीच घडत नाही. रेघ एकच, पण त्या दोन टोकांवरचं आकाश वेगळं.

ती रेघ लेहला थांबत नाही. खारदुंग ला ही खिंड ओलांडली की नुब्रा खोरं: दिस्कित, सुमुर, पनामिक. लेहहून यारकंदला जाणारे व्यापारी तांडे याच वाटेने सासेर ला आणि काराकोरम खिंड चढत. विसाव्या शतकाच्या मध्यावर सीमा बंद झाली, तांडे थांबले. त्यांच्या दोन मदारींच्या उंटांचे वंशज मात्र हुंदरच्या वाळूत अजून चरतात. वाळूच्या टेकड्या आणि मागे बर्फाचे डोंगर, हे एकाच नजरेत मावतं!

जायचं कसं? देगलूरला रेल्वे नाही, तेव्हा एसटीने नांदेड आणि तिथून सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली. पुढे विमान तासा-दीड तासात लेहला उतरवतं, पण वेळ असेल तर मी श्रीनगरचा रस्ता सुचवेन. 434 किलोमीटरच्या त्या वाटेवर उंची टप्प्याटप्प्याने वाढते आणि कारगिलला मुक्काम करता येतो. नांदेडहून निघालेल्या माणसाला लेहच्या अलीकडे साधारण 25 किलोमीटरवर गुरू नानकांच्या स्मृतीचा पत्थर साहिब गुरुद्वाराही भेटतो. हिवाळ्यात या वाटेवरचा झोजी ला बर्फाने अडतो, त्यामुळे रस्त्याने जायचं तर मे ते ऑक्टोबर. सीमेजवळच्या गावांसाठी परवान्याचे नियम बदलत असतात, तेवढे निघण्याआधी पाहून घ्यावेत.

लेह 3500 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. शरीर ही तूट आधी श्वास वाढवून आणि मग हळूहळू रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवून भरून काढतं. त्याला सवड लागते. पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसतं बसून काढायचे, हे वेळापत्रकात आधीच लिहून ठेवा. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आणखी वर जायचं नाही. त्रास वाढला तर खाली उतरायचं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी घरूनच डॉक्टरांना विचारून निघावं.

पण मराठवाड्याच्या माणसाने तिथे खरं पाहायचं ते पाणी. लेहला वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम 100 मिलिमीटर. आपल्याकडे एखाद्या दिवशी तेवढा कोसळून जातो. मोसमी ढग हिमालय अडवतो. तरी तिथे जव पिकतो, जर्दाळू लगडतात, ते बर्फ वितळून आलेल्या ओढ्यांच्या पाटांवर. कोणाच्या शेताला केव्हा पाणी सोडायचं हे ठरवणाऱ्या गावकऱ्याला चुरपोन म्हणतात, आणि त्याचा शब्द चालतो.

अडचण येते पेरणीला. पेरणी एप्रिल-मेमध्ये, आणि उंचावरच्या हिमनद्या खऱ्या वितळतात जूनमध्ये. चेवांग नॉरफेल या इंजिनिअरने 1987 मध्ये फुकत्से गावाजवळ हिवाळ्यात वाया जाणारं पाणी बांधांनी संथ केलं, ते डोंगराच्या सावलीत गोठवलं. गावाजवळ, कमी उंचीवरचा बर्फ लवकर वितळतो, नेमका पेरणीला! पुढे सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बर्फाचे स्तूप उभारले. वरून पाइपने आणलेलं पाणी उताराच्या दाबानेच कारंज्यासारखं उडतं, पंपाची गरज नाही. कडाक्याच्या थंडीत ते पडता पडता गोठतं आणि शंकू वाढत जातो. त्या आकाराच्या बर्फाला उन्हाचा स्पर्श कमी, म्हणून तो वसंतातही टिकून राहतो. दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे पाहताना काय वाटेल, ते मी वेगळं सांगायला नको.

म्हणूनच नुब्रात मोठ्या हॉटेलपेक्षा घरगुती मुक्काम बघा. अनेक घरांत अजून बिनपाण्याचा संडास असतो, आणि त्यातली माती खत म्हणून शेतात जाते. तो आनंदाने वापरा, अंघोळ एका बादलीत भागवा. सकाळी ‘जुले’ असा लडाखी नमस्कार करून यजमानांना विचारा, आज पाण्याची पाळी कोणाची आहे. आणि ते पाटावर निघाले तर उंटाची सफर दुपारवर ढकलून त्यांच्यासोबत जा.