कपाशीच्या मुळावर उठणारे सूत्रकृमी



चौथीच्या वर्गात मी कापसाचं बोंड दाखवत होते. घाटकोपरच्या आमच्या मुलांना कापूस माहीत तो देवाच्या वातीपुरता. पण एका मुलाचे आजोबा यवतमाळकडे शेती करतात. तो म्हणाला, "बाई, आजोबांची कपाशी पाणी देऊनही सुकते. फवारणी केली, पैसे गेले, झाड तसंच!" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा पाठ.

सूत्रकृमी म्हणजे काय?
मातीतले दोऱ्यासारखे सूक्ष्म जीव. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. कपाशीला मुख्यतः दोन छळतात. मूळगाठ सूत्रकृमी मुळात शिरला की मूळ फुगून गाठी होतात. दुसरा मूत्रपिंडाच्या आकाराचा. त्याची मादी अर्धी मुळात, अर्धी बाहेर असते. गाठी मात्र होत नाहीत.

ओळखायचं कसं?
मूळ अन्नपाणी नीट ओढत नाही. शेतात ठिकठिकाणी झाडं खुजी, पिवळी दिसतात, दुपारी माना टाकतात. खत कमी पडलं असंच वाटतं. शिवाय दुखावलेल्या मुळांतून मर रोगाची बुरशी शिरते. बीटी वाण बोंडअळीसाठी आहे, सूत्रकृमींसाठी नाही. साधी पानांवरची फवारणीही मुळाशी पोचत नाही.

उपाय
१. उन्हाळ्यात खोल नांगरट करून माती तापू द्यावी.
२. कपाशीवर कपाशी नको. ज्वारीसारखं पीक घ्यावं. भेंडी, वांगी, टोमॅटो टाळावेत, कारण सूत्रकृमी त्यांच्यावरही पोसतात.
३. निंबोळी पेंड, शेणखत घालावं. झेंडूही उपयोगी.
४. मुळांजवळची ओलसर माती मुळांसह पिशवीत घालून, सावलीत ठेवून तपासायला द्यावी. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांच्याकडे विचारणा करता येते.

सूत्रकृमी शेतातून पूर्ण जात नाहीत. त्यांची संख्या कमी ठेवायची असते.

घरी करून पाहा
कुंडीत चवळी लावा. महिन्या-सव्वा महिन्याने रोप हलकेच उपटून मुळं धुवा. बाजूला चिकटलेली, बोटाने सुटणारी, आत गुलाबी गाठ दिसली तर ती नत्र देणाऱ्या जिवाणूंची, म्हणजे मित्राची! सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं. ती सुटत नाही.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं: "आजोबांना म्हणावं, पुढच्या फवारणीआधी एक झाड उपटून मूळ बघा. गाठी दिसल्या नाहीत तरी माती तपासून घ्या."