आधी मुलाचं वय मोजा: अमेरिकी नागरिकाच्या मुलासाठी ग्रीन कार्ड

सलालाहमध्ये आपल्यापैकी कित्येकांची मुलं लहानाची मोठी झाली. खरीफाचा पाऊस हाच त्यांचा पावसाळा. पण इथे जन्मलं, इथे वाढलं म्हणून ओमानमध्ये कायम राहण्याचा हक्क मिळत नाही. मुलांचा रेसिडेंट व्हिसा आईवडिलांच्या नोकरीला बांधलेला असतो. त्यामुळे दहावी-बारावी जवळ आली की घरात एकच विषय निघतो: पुढे कुठे?

आजचा भाग एका विशिष्ट प्रकारच्या घरांसाठी आहे. वडील किंवा आई अमेरिकेचे नागरिक झाले आहेत, पण तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलाकडे किंवा मुलीकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे. बऱ्याचदा वडील तिकडे नोकरीला आणि आई व मुलं इथे, अशी विभागणी असते. अशा मुलाला अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळू शकतं. फक्त दोन वाढदिवस ध्यानात ठेवायचे: अठरावा आणि एकविसावा.

अर्जाआधी एक प्रश्न

मुलाच्या जन्माच्या वेळी आई किंवा वडील अमेरिकेचे नागरिक होते का? होते, आणि त्याआधी ते पुरेशी वर्षं अमेरिकेत राहिले होते, तर मूल जन्मतःच अमेरिकी नागरिक असू शकतं. मग ग्रीन कार्डाचा प्रश्नच उरत नाही. दूतावासात जन्माची नोंद करायची, आणि तो अर्ज अठरा पूर्ण व्हायच्या आत द्यायचा. नागरिकत्व मुलाच्या जन्मानंतर मिळालं असेल, तर पुढचं ऐका.

आईच्या अर्जात मूल येत नाही

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. वडिलांकडे नुसतं ग्रीन कार्ड होतं तेव्हा त्यांनी आईसाठी भरलेल्या अर्जात मुलाचाही समावेश होत होता. वडील नागरिक झाले की नियम बदलतो. नागरिकाची पत्नी आणि एकवीसच्या आतलं अविवाहित मूल यांना रांगेत थांबावं लागत नाही, ही चांगली बाजू. पण आता प्रत्येकासाठी वेगळा अर्ज लागतो. आय-१३० नावाचा हा अर्ज आईसाठी एक, थोरल्यासाठी एक, धाकटीसाठी एक. आईच्या अर्जावर विसंबून राहिलात, तर आईचा व्हिसा येईल आणि मूल इथेच राहील. जुना अर्ज चालू असताना वडिलांनी नागरिकत्वाची शपथ घेतली असेल, तर मुलाचा वेगळा अर्ज गेलाय का, हे आजच तपासा.

एकविसावा वाढदिवस

वडील आधीच नागरिक असतील, तर मुलाचा अर्ज अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे ज्या दिवशी दाखल होतो, त्या दिवशीचं वय धरलं जातं. २००२च्या कायद्याने ही सोय केली. वीस वर्षं अकरा महिन्यांचा असताना अर्ज दाखल झाला आणि व्हिसा बाविसाव्या वर्षी आला, तरी चालतं. अट एकच, तोवर लग्न करायचं नाही. एकवीस उलटल्यावर अर्ज केला तर तो वेगळ्या गटात जातो. तिथे दरवर्षीच्या व्हिशांवर मर्यादा आहे आणि वाट पाहण्यात वर्षं जातात.

अठरावा वाढदिवस

मूल अठराच्या आत इमिग्रंट व्हिशावर अमेरिकेत उतरलं आणि नागरिक असलेल्या आईवडिलांपैकी एकाच्या ताब्यात, त्याच्याजवळ राहू लागलं, तर ते आपोआप अमेरिकी नागरिक होतं. हा नियम २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू आहे. अठरा उलटल्यावर उतरलं तर ग्रीन कार्ड मिळतं, पण नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षं थांबून स्वतः अर्ज करावा लागतो. इथे अर्जाची तारीख कामाची नाही, पोचण्याची तारीख मोजली जाते. सगळ्या प्रक्रियेला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. म्हणून 'बारावी होऊ दे, मग बघू' हे वाक्य महागात पडतं. पंधरा-सोळाव्या वर्षीच सुरुवात केलेली बरी.

सावत्र मुलासाठीही अर्ज करता येतो, पण आईवडिलांचं ते लग्न मूल अठराचं व्हायच्या आत झालेलं हवं. आपोआप नागरिकत्वाचा फायदा मात्र सावत्र मुलाला नाही.

कागदपत्रं

अर्ज मंजूर झाला की तो नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातो. मग फी, डीएस-२६० हा ऑनलाइन फॉर्म, खर्चाची हमी, वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत. जन्मदाखला अरबीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. मूल सोळा किंवा त्याहून मोठं असेल तर रॉयल ओमान पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखलाही लागतो.

आपल्या घरांत खरी अडचण नावांची. जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. कुणाचं लग्नात नावच बदललेलं. अरबीतून परत इंग्रजीत येताना आडनाव गळालेलं किंवा स्पेलिंग फिरलेलं. सगळे दाखले टेबलावर मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. लग्नाचा नोंदणी दाखला इथे दुवा ठरतो.

व्हिसा मिळाल्यावर त्याची मुदत साधारण सहा महिन्यांची, तीही वैद्यकीय तपासणीच्या तारखेवर अवलंबून. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल तर तपासणी घाईने करू नका. मुलाखतीसाठी मस्कतला जायचं असेल तर इथून सुमारे हजार किलोमीटर आहे. खरीफात गर्दी असते, तिकिटं आधी काढा.

सगळेच सलालाहमध्ये असाल तर

नागरिक असलेले वडील किंवा आईही इथेच नोकरी करत असतील आणि अमेरिकेत राहायला जायचा विचार नसेल, तर ग्रीन कार्ड हा मार्ग तुमचा नाही. ग्रीन कार्ड तिकडे राहणाऱ्यासाठी असतं. ते घेऊन इथे येऊन राहिलं तर ते हातचं जाऊ शकतं. तुमच्यासाठी एन-६००के हा अर्ज आहे. नागरिक पालक आयुष्यात किमान पाच वर्षं अमेरिकेत राहिलेले हवेत, त्यातली दोन वर्षं चौदाव्या वर्षानंतरची. त्यांची भरत नसतील तर नागरिक असलेल्या आजी किंवा आजोबांची चालतात. मूल तात्पुरतं अमेरिकेत जाऊन नागरिकत्व घेऊन परत येतं. पण हे सगळं, शपथेसकट, अठराव्या वाढदिवसाआधी पुरं व्हावं लागतं.

भारतीय पासपोर्टचं काय?

नुसत्या ग्रीन कार्डाने भारतीय नागरिकत्वाला धक्का लागत नाही. अमेरिकी पासपोर्ट घेतला की मात्र भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मग ओसीआय कार्ड काढायचं, म्हणजे आजीकडे जाताना दरवेळी व्हिसा लागत नाही. मूल परत सलालाहला येणार असेल तर ओमानचा व्हिसा नव्या पासपोर्टवर नोंदवून घ्यायला विसरू नका.

तर मंडळी, आज रात्री एका कागदावर चार तारखा लिहा: पालकाच्या शपथेची, मुलाच्या नावाने अर्ज दाखल झाल्याची, मुलाच्या अठराव्या वाढदिवसाची आणि एकविसाव्याची. दुसरी जागा रिकामी राहिली, तर सुरुवात तिथूनच करायची. फी आणि फॉर्म बदलत असतात, ते भरताना अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर बघा. घटस्फोट, ताबा किंवा दत्तक असं काही असेल तर इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.