किल्ल्याची किल्ली कोणाकडे?

तोफेचे बेअरिंग ही वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर चर्चा करण्याजोगी वस्तू नव्हे, असे कोणासही वाटेल. तरीही आज आम्ही तिच्यापासूनच प्रारंभ करीत आहोत. जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात ‘धनुष’ ही १५५ मिलिमीटरची तोफ तयार होते. बोफोर्सच्या आराखड्यांच्या आधारे आपल्याच अभियंत्यांनी ती सिद्ध केली, आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. याच तोफेसाठी ‘जर्मन बनावटीची’ म्हणून पुरविण्यात आलेली बेअरिंग प्रत्यक्षात चीनमध्ये तयार झालेली होती, अशा आरोपावरून २०१७ साली केंद्रीय अन्वेषण विभागाने एक पुरवठादार आणि कारखान्यातील अज्ञात अधिकारी यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदविला. त्या आरोपाच्या खरेखोटेपणाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. पण त्या प्रकरणाने जो प्रश्न उपस्थित केला, तो मात्र कोणत्याही न्यायालयाच्या निकालाने सुटणारा नाही. वस्तूवर कोरलेल्या देशनामावर विश्वास ठेवायचा नाही, तर ती खरोखर कोठून आली हे पाहण्याचे दायित्व सरकारात नेमके कोणाच्या शिरावर आहे?

संरक्षणाच्या गुप्ततेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे फितूर, हेर आणि चोरून नेलेले नकाशे उभे राहतात. असे प्रकार घडत नाहीत असे नाही. २०२३ च्या मे महिन्यात पुण्यातील संरक्षण संशोधन संस्थेच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकासच परकी हस्तकाला माहिती पुरविल्याच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा सारे शहर हादरले होते. तथापि, ज्ञान बाहेर जाणे ही संकटाची एक बाजू झाली. दुसरी बाजू म्हणजे नको ती वस्तू आत येणे. आणि तिसरी, हवी ती वस्तू ऐन वेळी न येणे. पहिल्या बाजूसाठी आपल्याकडे जुने कायदे आहेत आणि पहारेही आहेत. उरलेल्या दोन बाजूंचा विचार मात्र आपण अलीकडेच गांभीर्याने करू लागलो आहोत.

नको ती वस्तू आत आल्यास काय होते, याचे भीषण प्रात्यक्षिक १७ सप्टेंबर २०२४ रोजी लेबनॉनमध्ये जगाने पाहिले. ज्या पेजरवर विसंबून एक सशस्त्र संघटना आपले निरोप पाठवीत होती, ते पेजरच हातांत आणि खिशांत फुटले. त्या संघटनेविषयी कोणाचे मत काहीही असो. खरेदी केलेली वस्तू वापरणाऱ्याच्या हाती पडण्यापूर्वीच तिचे शस्त्र बनविता येते, हा धडा सर्वांसाठी सारखाच आहे. आपल्याकडे २०२५ च्या प्रारंभी सैन्यासाठी मागविलेल्या चारशे मालवाहू ड्रोनचे तीन करार संरक्षण मंत्रालयाने रद्द केले. त्या ड्रोनमध्ये चिनी भाग असल्याचे कारण त्यामागे होते. निर्णय योग्यच होता. पण करार करण्यापूर्वी जे दिसावयास हवे होते, ते करार झाल्यावर दिसले, ही गोष्ट बैल गेल्यावर झोपा करण्यापैकीच म्हणावी लागेल.

हवी ती वस्तू न येण्याचा अनुभव तर आपणांस चांगलाच परिचित आहे. क्रायोजेनिक इंजिनाच्या तंत्रज्ञानासाठी १९९१ साली आपण सोव्हिएत संस्थेशी करार केला. १९९२ साली अमेरिकेने निर्बंध लादले. १९९३ साली रशियाने तंत्रज्ञान देण्याचे नाकारून केवळ तयार इंजिने देण्याचे मान्य केले. आपले स्वतःचे क्रायोजेनिक इंजिन यशस्वीपणे उडावयास ५ जानेवारी २०१४ हा दिवस उजाडावा लागला. अलीकडचे उदाहरण ‘तेजस’ विमानाचे. ८३ विमानांचा करार २०२१ च्या फेब्रुवारीत झाला, त्यांच्यासाठी ९९ अमेरिकी इंजिनांची मागणी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नोंदविली गेली, आणि त्यांतील पहिले इंजिन हाती आले ते २०२५ च्या मार्चमध्ये. येथे कोणी शत्रुत्व केले नव्हते. बंद पडलेली उत्पादनशाखा पुन्हा सुरू करताना उत्पादकाच्या स्वतःच्या पुरवठादारांचीच घडी विसकटली होती, एवढेच. पण विमानदलाच्या दृष्टीने, इंजिन वैराने अडले काय आणि अडचणीने अडले काय, आकाश सारखेच रिकामे राहते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने समेरियम, टर्बियम, डिस्प्रोशियम आदी सात दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा हा प्रश्न मोटारींच्या कारखान्यांपर्यंत येऊन ठेपला. या धातूंपासून होणारी शक्तिमान चुंबके क्षेपणास्त्रांत लागतात तशीच विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही लागतात. येथे खेद वाटतो तो याचा, की आपल्या किनाऱ्यावरील मोनॅझाइट वाळूत हे धातू आहेत आणि त्यांच्यासाठी ‘इंडियन रेअर अर्थ्‌स’ ही संस्था आपण १९५० सालीच स्थापिली होती. वाळू आपली, संस्था आपली, आणि चुंबक मात्र परक्याचे! केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ च्या नोव्हेंबरात अशा चुंबकांच्या देशी उत्पादनासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, हे स्वागतार्ह आहे. पण पंचाहत्तर वर्षे हा विषय कोणत्या मंत्र्याच्या मेजावर होता, असे विचारल्यास उत्तर मिळणे कठीण.

आमच्या मते रोगाचे मूळ येथेच आहे. आपल्याकडे कायदा नाही असे नाही. निर्यात करावयाच्या संवेदनशील वस्तूंची व तंत्रज्ञानाची ‘स्कोमेट’ नावाची यादी आहे. सामूहिक संहाराच्या शस्त्रांसंबंधीचा २००५ चा कायदा आहे. २०१६ ते २०१८ या काळात क्षेपणास्त्र तंत्रज्ञान, वासेनार आणि ऑस्ट्रेलिया गट या तीन आंतरराष्ट्रीय नियंत्रण व्यवस्थांचे सदस्यत्वही आपण मिळविले. परंतु यादी सांभाळते वाणिज्य मंत्रालयाचे विदेश व्यापार महासंचालनालय. युद्धसामग्रीचे परवाने देतो संरक्षण उत्पादन विभाग. परकी भांडवलाची छाननी करताना मत देते गृह मंत्रालय. मालाचा दर्जा तपासते आणखी एक महासंचालनालय. आणि संगणकीय उपकरणांची चिंता वाहते वेगळेच मंत्रालय. प्रत्येकजण आपापले काम प्रामाणिकपणे करीत असेलही. पण साऱ्यांचे काम एकत्र पाहणारा आणि चुकल्यास पुढे येऊन ‘ही चूक माझी’ असे म्हणणारा अधिकारी कोणता, हे नागरिकास सांगता येत नाही.

जबाबदारी वर कशी जाते, याचे एक उदाहरण जपानचे आहे. तेथील तोशिबा मशीन या कंपनीने १९८० नंतरच्या काळात, नॉर्वेतील कोंग्सबर्ग कंपनीच्या नियंत्रक उपकरणांसह, पाणबुडीचे पंखे अत्यंत सूक्ष्मतेने कापणारी यंत्रे सोव्हिएत रशियास विकली. निर्यातीस बंदी असलेले हे नऊ अक्षांचे यंत्र कागदोपत्री साधे दोन अक्षांचे दाखविण्यात आले आणि त्या कागदावर जपान सरकारचा परवाना उमटला. एका व्यापारी पेढीच्या कर्मचाऱ्याने वाचा फोडल्यावर १९८७ साली हे प्रकरण जगजाहीर झाले. मूळ तोशिबा कंपनीस या व्यवहाराची कल्पना नव्हती, असे तिचे म्हणणे होते. तरीही तिचे अध्यक्ष आणि कार्याध्यक्ष या दोघांनीही १ जुलै १९८७ रोजी राजीनामे दिले. जपान सरकारने निर्यात नियंत्रणाचा कायदा अधिक कडक केला. ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव शिपायास शोभतो, सरदारास नव्हे, ही जाण त्या राजीनाम्यांत होती.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे आहे. २०२२ साली एफ-३५ या विमानाच्या एका यंत्रभागातील चुंबकात चिनी मिश्रधातू असल्याचे आढळले. ही माहिती कोणा हेराने काढली नव्हती. पुरवठादारांनीच ती एकमेकांकरवी वर कळविली. कायद्याने अशा चुंबकांना मज्जाव असल्यामुळे संरक्षण खात्याने नव्या विमानांचा स्वीकार तत्काळ थांबविला. चुंबकापासून धोका नाही याची खात्री झाल्यावर ऑक्टोबरात खात्याच्या खरेदीप्रमुखाने आपल्या सहीने अपवाद मंजूर करून स्वीकार पुन्हा सुरू केला. हा अपवाद करणे बरोबर की चूक, याविषयी मतभेद होऊ शकतील. पण चूक कळविणारा दडपला गेला नाही, खरेदी थांबविण्याचा अधिकार असलेला माणूस अस्तित्वात होता, आणि अपवादावर कोणाची सही आहे हे देशास ठाऊक होते. आम्ही मागतो ते याहून अधिक नाही.

यासाठी परदेशाकडेच पाहिले पाहिजे असेही नाही. आम्ही शाळेत इतिहास शिकवीत असू, तेव्हा शिवकालीन गडाची व्यवस्था मुलांना फळ्यावर काढून दाखवीत असू. गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब सबनिसाकडे, आणि धान्य-दारूगोळ्याचे कोठार कारखानिसाकडे. एकट्याच्या मनात आले म्हणून गड शत्रूच्या हाती जाऊ नये अशी ती योजना होती. पण कोणती गोष्ट कोणाकडे, याविषयी तिळमात्र संदिग्धता नव्हती. हिरकणीची आख्यायिकाही मुलांच्या आवडीची. दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने ती गवळण रायगडाचा कडा उतरून गेली. महाराजांनी तिला दंड केला नाही. तिचा सन्मान केला आणि जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधला. कच्ची जागा दाखवून देणाऱ्यास शिक्षा करायची नसते, जागा पक्की करायची असते, हा राज्यकारभाराचा धडा त्या कथेत आहे.

आणि त्याच इतिहासाचे दुसरे पानही विसरता कामा नये. उत्तम कवायती कंपू आणि उत्तम तोफा शिंद्यांकडे होत्या. असईच्या रणात त्या तोफांनी इंग्रजांचे मोठे नुकसान केले. परंतु १८०३ च्या युद्धाच्या तोंडावर कंपूंतील अनेक यूरोपीय अधिकारी इंग्रजांना जाऊन मिळाले आणि खुद्द सेनापती पेराँ शरण गेला. तोफ आपली असली तरी ती चालविण्याची विद्या उसनी असेल, तर ती ऐन वेळी परत मागितली जाते.

मात्र या साऱ्याचा अर्थ संशयाचे राज्य आणावे असा कोणी करू नये. १९९४ च्या नोव्हेंबरात क्रायोजेनिक प्रकल्पावर काम करणारे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. केंद्रीय अन्वेषण विभागाने १९९६ साली तो आरोप निराधार ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्यांची अटक अनावश्यक होती असे सांगून त्यांना ५० लाख रुपयांची भरपाई देवविली. चोवीस वर्षांनी मिळालेल्या भरपाईने एका शास्त्रज्ञाचे हरवलेले आयुष्य भरून येत नाही आणि देशाचे हरवलेले कामही भरून येत नाही. वरिष्ठांनी वेळीच तपासाची शहानिशा केली असती, तर ही नामुष्की टळली असती. गुपित राखणे हे जसे नेतृत्वाचे काम, तसेच निरपराध सहकाऱ्यामागे उभे राहणे हेही नेतृत्वाचेच काम.

म्हणून आमच्या सूचना मोजक्याच आहेत. संरक्षण मंत्रालयात सचिवांच्या दर्जाच्या एका अधिकाऱ्याकडे तंत्रज्ञान आणि पुरवठा या दोहोंच्या सुरक्षिततेचे दायित्व नावानिशी सोपवावे आणि कोणतीही खरेदी थांबविण्याचा अधिकार त्यास द्यावा. प्रत्येक मोठ्या करारात शेवटच्या पुरवठादारापर्यंतचे मूळ तपासल्याचे प्रमाणपत्र वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीने असावे. भोसरी, अंबड किंवा हिंगणा येथील लहान कारखानदारास केवळ आणखी एक अर्ज भरावयास लावू नये. सुटा भाग तपासून घेण्याची सोय आणि संगणक सुरक्षित ठेवण्याचे साहाय्य सरकारने त्यास पुरवावे, कारण साखळीतील सर्वांत कच्ची कडी तोच असण्याचा संभव अधिक. स्वतःहून दोष कळविणाऱ्यास कायद्याचे संरक्षण मिळावे. आणि या कामाचा वार्षिक अहवाल संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे यावा. जे गुप्त ठेवणे अवश्य असेल ते बंद दाराआड सांगावे, पण सांगावे.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले-मुली ओझर, खडकी, पाषाण, अंबाझरी येथील कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत काम करतात. दाराशी त्यांची झडती होते, दूरध्वनी बाहेर ठेवावा लागतो, ओळखपत्र विसरल्यास परत फिरावे लागते. आणि ते कुरकुर न करता हे सारे पाळतात. शिस्तीचा हा नियम दारापाशी संपू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे. धाकट्यांची झडती घेणाऱ्या राज्याने थोरांकडूनही हिशेब घेतला पाहिजे. गडाच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत, हे शत्रूस कळू नये हे खरे. पण ते गडावरील लोकांस तरी ठाऊक असले पाहिजे.